लिनक्सवर चालते, विंडोजवर मोडते: सी प्लस प्लस क्लास लायब्ररीचं नेहमीचं दुखणं

एकच सी प्लस प्लस क्लास लायब्ररी तीन ठिकाणी बांधायची असते: लिनक्सवर जीसीसी, मॅकवर अ‍ॅपल क्लँग, विंडोजवर एमएसव्हीसी, असे तीन कंपायलर. बांधणीच्या सूचना लिहायला सीमेक. कोड एकच, पण दर दोन-चार आठवड्यांनी कुठलं तरी एक बिल्ड लाल होतं. दोष फिरून फिरून त्याच आठ-नऊ जागांवर सापडतो, म्हणून तपासणीचा क्रम ठरवून टाकलेला बरा. खालचा क्रम फुकटच्या तपासणीपासून महागड्या दुरुस्तीकडे जातो.

लक्षणं

- विंडोज किंवा मॅकवर सगळं नीट, लिनक्सवर मात्र 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी'; फाइल तर डोळ्यांसमोर दिसते आहे.
- शेल स्क्रिप्ट 'बॅड इंटरप्रिटर' म्हणून पहिल्याच ओळीवर आडवी होते.
- जीसीसी अपडेट केल्यावर कोडला हात न लावता 'यूइंट३२_टी'सारखा साधा प्रकार कंपायलरला ओळखू येईनासा होतो.
- एमएसव्हीसी कंपाइल करतो, पण लिंकर (कंपाइल झालेले तुकडे जोडणारा) एलएनके२०१९, एलएनके२००१ किंवा एलएनके११०४ देतो.
- डीएलएल (विंडोजची चालताना जोडली जाणारी लायब्ररी) तयार होते, प्रोग्रॅम सुरूच होत नाही. मॅकवर हेच 'लायब्ररी नॉट लोडेड' या शब्दांत येतं.
- लिनक्सवर 'व्हर्जन जीलिबसी_२.३४ नॉट फाउंड' (जीलिबसी म्हणजे लिनक्सची मूळ सी लायब्ररी).
- सगळं चालतं, पण फंक्शनमधून बाहेर पडताना किंवा प्रोग्रॅम बंद होताना क्रॅश. फक्त विंडोजवर, आणि बहुधा फक्त डीबग बिल्डमध्ये.
- एका प्लॅटफॉर्मवर लिहिलेली डेटा फाइल दुसऱ्यावर वाचताना आकडे भलतेच.

आधी टप्पा ओळखा

कंपाइल, लिंक, लोड, चालताना. या चारपैकी कुठे अडलं ते ठरवायला पैसा लागत नाही आणि निम्मी शोधाशोध वाचते. त्यासाठी लॉगमधली *पहिली* चूक वाचा. शेवटच्या दोनशे ओळी बहुतेक वेळा तिचीच पिल्लं असतात. समांतर बिल्डमध्ये ओळी एकमेकींत मिसळतात, तेव्हा एकाच जॉबवर, व्हर्बोज (तपशीलवार लॉग) चालू करून पुन्हा बांधा. बिल्डचं फोल्डर पूर्ण उडवून एकदा बांधणं इथेच उरका. सीमेकच्या कॅशमध्ये जुन्या कंपायलरचा किंवा जुन्या लायब्ररीचा पत्ता राहून गेला असेल, तर पुढच्या सगळ्या तपासण्या चुकीच्या माणसाची झडती घेतल्यासारख्या होतात.

टप्पा कळण्याआधी कोडमध्ये प्लॅटफॉर्मनुसार वाट बदलणारे '#इफडेफ' पेरायला घेऊ नका. ती पट्टी आज दुखणं झाकते आणि सहा महिन्यांनी ते कुणालाच सापडत नाही.

१. फाइलच्या नावातलं लहान-मोठं अक्षर

एनटीएफएस आणि मॅकचं एपीएफएस मुळात लहान-मोठ्या अक्षरांत फरक करत नाहीत; लिनक्सचं ईएक्सटी४ करतं. त्यामुळे 'मॅट्रिक्स.एच'चं पहिलं अक्षर डिस्कवर कॅपिटल आणि इन्क्लूडमध्ये स्मॉल असेल, तर विंडोजवाल्याला ते वर्षभर कळत नाही.

गिटमुळे यात भर पडते. विंडोज किंवा मॅकवर फाइल एक्स्प्लोररमधून नुसतं अक्षर बदललं, तर 'कोअर.इग्नोरकेस' चालू असल्यामुळे गिटला बदल दिसतच नाही. नाव बदलायचं ते 'गिट एमव्ही'नेच, आणि दोन पावलांत: आधी तात्पुरतं वेगळं नाव, मग हवं ते. फक्त अक्षराच्या फरकाने दोन फाइली रिपॉझिटरीत शिरल्या आहेत का, हे पाहायला 'गिट एलएस-फाइल्स'ची यादी लहान अक्षरांत करा आणि 'सॉर्ट', मग 'युनिक -डी'मधून काढा. काही छापून आलं तर तोच दोष.

जाता जाता: 'ऑक्स', 'कॉन', 'नल', 'पीआरएन' ही नावं विंडोजने जुन्या डॉसपासून राखून ठेवली आहेत. 'ऑक्स.एच' नावाची हेडर लिनक्सवर सुखाने नांदते आणि विंडोजवर गिटला ती उतरवून घेताच येत नाही.

२. ओळीचा शेवट

विंडोजवर ओळ दोन बाइटांनी संपते, १३ आणि १०. लिनक्स आणि मॅकवर फक्त १० ने. शेल स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीच्या शेवटी हा १३ चिकटला, की कर्नल 'बॅश'ऐवजी शेपूट लागलेला 'बॅश' शोधतो आणि तो कुठेच नसतो.

प्रत्येकाच्या मशीनवरच्या गिट सेटिंगवर विसंबू नका; नवा माणूस आला की ते बिघडणारच. रिपॉझिटरीच्या मुळाशी '.गिटअ‍ॅट्रिब्यूट्स' फाइल ठेवा. सगळ्यांसाठी 'टेक्स्ट=ऑटो', शेल स्क्रिप्टना 'ईओएल=एलएफ', बॅच फाइलींना 'ईओएल=सीआरएलएफ', आणि चाचणीच्या डेटा फाइलींना स्पष्टपणे 'बायनरी'. मग एकदा 'गिट अ‍ॅड --रीनॉर्मलाइज .' चालवून तो बदल स्वतंत्र कमिटमध्ये टाका, नाहीतर पुढच्या रिव्ह्यूमध्ये हजारो ओळी बदललेल्या दिसतील.

याचाच भाऊ कोडमध्ये असतो. विंडोजवर फाइल टेक्स्ट मोडमध्ये उघडली, तर वाचताना १३-१० ची जोडी एक होते आणि २६ हा बाइट फाइलचा शेवट समजला जातो. पीएनजीच्या पहिल्या आठ बाइटांत १३, १०, २६, १० हे मुद्दाम घातलेत ते असली मोडतोड लगेच उघडी पडावी म्हणून. बायनरी डेटा वाचणाऱ्या प्रत्येक 'एफओपन'मध्ये 'बी' आहे का, स्ट्रीम उघडताना 'आयओएस::बायनरी' आहे का, हे एका ग्रेपमध्ये कळतं.

३. सोर्स फाइलचं एन्कोडिंग

देवनागरी मजकूर हाताळणाऱ्या लायब्ररीत हा दोष ठरलेलाच. जीसीसी आणि क्लँग सोर्स यूटीएफ-८ धरून चालतात. एमएसव्हीसीला बॉम (फाइलच्या सुरुवातीची एन्कोडिंगची खूण) दिसला नाही, तर तो यंत्राचं कोड पेज (अक्षरांचा जुना तक्ता) धरतो. इंग्रजी विंडोजवर बहुधा १२५२.

चाचणीत 'पुणे' ही वाइड स्ट्रिंग आहे असं धरा. प, उकार, ण, मात्रा: चार कोड पॉइंट. यूटीएफ-८ मध्ये प्रत्येकी तीन बाइट, एकूण १२. विंडोजवर लांबी ४ यायला हवी, पण कंपायलरने ते १२ बाइट १२५२ मधली १२ वेगवेगळी अक्षरं समजून घेतले की १२ येते. साध्या स्ट्रिंगमध्ये तेच बाइट जसेच्या तसे आत-बाहेर होतात, म्हणून दोष लपतो आणि 'काही चाचण्या पास, काही फेल' असं विचित्र चित्र दिसतं. सी४८१९ ही सूचना येते, पण दर वेळी येईलच असं नाही.

उपाय एका फ्लॅगचा: एमएसव्हीसीला '/यूटीएफ-८'. तो लायब्ररीच्या टार्गेटला लावा, सगळ्या प्रोजेक्टला सरसकट नको. फाइलींची नावंही मराठीत येणार असतील, तर विंडोजवर 'चार'चा पाथ थेट 'एफओपन'ला देऊ नका. तो यंत्राच्या कोड पेजमध्येच वाचला जातो. 'एसटीडी::फाइलसिस्टम::पाथ' शेवटपर्यंत पाथच राहू द्या.

४. हेडर आणि मॅक्रो

जीसीसी १३ (२०२३) मध्ये त्याच्या स्वतःच्या काही हेडरनी 'सीएसटीडीइंट' आतून ओढणं बंद केलं आणि असंख्य प्रकल्पांत 'यूइंट३२_टी' हरवला. कंपायलरची त्यात काही चूक नाही. हेडर आपण मागितलीच नव्हती, उधारीवर चाललं होतं. प्रत्येक हेडरसाठी एक रिकामी सीपीपी फाइल करा, जिच्यात पहिलं आणि एकमेव इन्क्लूड तीच हेडर असेल. हे काम सीमेक ३.२४ पासूनच्या 'व्हेरिफाय इंटरफेस हेडर सेट्स'वरही सोपवता येतं.

विंडोजवर 'मिन' आणि 'मॅक्स'वर कंपायलर चमत्कारिक कंस मागायला लागला, तर 'विंडोज.एच'च्या आधी 'नोमिनमॅक्स' डिफाइन करा. 'एम_पीआय' सापडत नसेल तर '_यूज_मॅथ_डिफाइन्स', तेही गणिताच्या पहिल्या इन्क्लूडच्या आधी. सॉकेटच्या चुकांची रांग लागली तर 'विनसॉक२.एच' 'विंडोज.एच'च्या वर न्या. खरं तर 'विंडोज.एच' सार्वजनिक हेडरमध्ये नकोच. ती सीपीपीमध्ये कोंडली की हा सगळा परिच्छेद निकालात निघतो.

५. प्रकारांची लांबी

६४-बिट लिनक्स आणि मॅकवर 'लाँग' ८ बाइटांचा, ६४-बिट विंडोजवर ४. एक 'लाँग' आणि एक 'चार' असलेला स्ट्रक्ट पहिल्या दोन ठिकाणी १६ बाइट घेतो, विंडोजवर ८. तो 'एफराइट'ने थेट फाइलमध्ये ओतला असेल, तर दुसऱ्या टोकाला पहिल्याच नोंदीपासून सगळं घसरतं. 'डब्ल्यूचार_टी' विंडोजवर २ बाइट, इतरत्र ४. 'लाँग डबल' एमएसव्हीसीवर आणि अ‍ॅपलच्या एआरएम मॅकवर ८ बाइट, इंटेल लिनक्सवर १६.

साधा 'चार' इंटेलवर आणि अ‍ॅपलच्या एआरएमवर चिन्हांकित, पण एआरएम लिनक्सवर अचिन्हांकित. 'गेटचार'चं उत्तर 'चार'मध्ये साठवून ईओएफशी (फाइल संपल्याच्या खुणेशी) ताडणारा लूप तिथे कधीच थांबत नाही.

फाइलमध्ये किंवा नेटवर्कवर जाणारं सगळं 'इंट३२_टी', 'इंट६४_टी' अशा ठरावीक लांबीच्या प्रकारांत घ्या, प्रत्येक फील्ड वेगळं लिहा, आणि जिथे लांबी गृहीत धरली आहे तिथे 'स्टॅटिक_असर्ट' ठोका. चूक चालताना कळण्याऐवजी कंपाइल होतानाच कळते.

६. लिंकरची तक्रार: सिम्बॉल बाहेरच पडत नाही

सगळ्यात जास्त वेळ इथे जातो, आणि कारण उलटं आहे: दोष विंडोजवर दिसतो, पण तो इतके दिवस झाकून ठेवलेला असतो लिनक्सने. लिनक्सच्या शेअर्ड लायब्ररीतून मुळात सगळे सिम्बॉल (फंक्शन आणि डेटाची नावं) बाहेर दिसतात. डीएलएलमधून सांगितल्याशिवाय एकही दिसत नाही.

एररचा नंबर बघून दिशा ठरवा.

एलएनके११०४, म्हणजे आपलीच '.लिब' फाइल सापडत नाही: डीएलएलमधून एकही सिम्बॉल निर्यात झाला नाही, म्हणून इम्पोर्ट लायब्ररी बनलीच नाही. पाथ तपासत बसू नका.

एलएनके२०१९, आणि हरवलेल्या नावाच्या सुरुवातीला '__आयएमपी_': वापरणाऱ्याच्या बाजूला हेडर 'मी डीएलएल आहे' समजते, पण लिंक होते आहे ती स्टॅटिक लायब्ररी. स्टॅटिक बिल्डचं डिफाइन वापरणाऱ्यापर्यंत पोचत नाही. सीमेकमध्ये ते 'पब्लिक' करा.

एलएनके२०१९, पण तो उपसर्ग नाही: क्लासवर किंवा फंक्शनवर निर्यातीचा मॅक्रो लावायचा राहिला.

मॅक्रो हाताने लिहू नका. सीमेकच्या 'जनरेटएक्स्पोर्टहेडर'कडून करून घ्या. 'विंडोज_एक्स्पोर्ट_ऑल_सिम्बॉल्स' ही सोय मोहात पाडते, पण ती अर्धवट आहे. ग्लोबल डेटा आणि क्लासचे स्टॅटिक सदस्य वापरणाऱ्याला 'डीएलएलइम्पोर्ट' लागतोच, आणि एका डीएलएलच्या निर्यातीला ६५,५३५ ची कमाल मर्यादा आहे. टेम्प्लेटने भरलेली लायब्ररी ती ओलांडू शकते.

मग लिनक्स आणि मॅकलाही तीच शिस्त लावा: 'सीएक्सएक्स_व्हिजिबिलिटी_प्रीसेट' हिडन आणि 'व्हिजिबिलिटी_इनलाइन्स_हिडन' चालू. आता मॅक्रो विसरला की लिनक्सचं बिल्डही लगेच पडतं, विंडोजच्या मशीनची वाट बघावी लागत नाही.

यात एक खड्डा आहे. लायब्ररीतून फेकला जाणारा एक्सेप्शन क्लास हिडन राहिला, तर मॅकवर बाहेरचा 'कॅच' त्याला ओळखत नाही आणि प्रोग्रॅम 'टर्मिनेट' होतो. दोन लायब्ररींत त्याच प्रकाराच्या माहितीच्या दोन प्रती झालेल्या असतात. असा क्लास निर्यात करा आणि त्याचा व्हर्च्युअल डिस्ट्रक्टर हेडरमधून काढून सीपीपीमध्ये लिहा, म्हणजे ती माहिती एकाच जागी राहील. 'डायनॅमिक_कास्ट' विनाकारण नल देतो तेव्हाही आधी हेच बघा.

७. बांधली, पण लोड होत नाही

काय कुठून लोड होतंय ते आधी विचारा: लिनक्सवर 'एलडीडी', मॅकवर 'ओटूल -एल' (मोठा एल), विंडोजवर 'डंपबिन /डिपेंडंट्स'.

लिनक्सवर आरपाथमध्ये (लायब्ररी कुठे शोधायची त्या प्रोग्रॅममध्येच लिहिलेल्या पत्त्यात) '$ओरिजिन' घाला. शेलमधून देताना एकेरी अवतरणात, नाहीतर शेल त्याला रिकामं करतो. मॅकवर लायब्ररीचं इन्स्टॉल नेम '@आरपाथ'ने सुरू झालं पाहिजे आणि प्रोग्रॅमच्या आरपाथमध्ये '@लोडर_पाथ'. 'इन्स्टॉल_नेम_टूल'ने नंतर दुरुस्ती केली की जुनी सही मोडते, आणि एआरएम मॅकवर प्रोग्रॅम एक शब्द न बोलता 'किल्ड' होतो. 'कोडसाइन -एफ -एस -' ने पुन्हा तात्पुरती सही करा. चाचणीत 'डीवायएलडी_लायब्ररी_पाथ' देऊनही फरक पडत नसेल, तर मध्ये सिस्टमचं शेल आहे का बघा. मॅकची सुरक्षा व्यवस्था संरक्षित प्रोग्रॅम सुरू करताना ते व्हेरिएबल काढून टाकते.

विंडोजवर आरपाथ नाहीच. डीएलएल एक्सईच्या शेजारी ठेवणं हाच सरळ मार्ग, सीमेक ३.२१ पासून 'टार्गेट_रनटाइम_डीएलएलएस' वापरून बिल्डनंतर ती आपोआप कॉपी होते.

जीलिबसीची आवृत्ती कमी पडत असेल, तर लायब्ररी नव्या उबंटूवर बांधून जुन्या सर्व्हरवर नेली आहे. जुन्यावर बांधलेलं नव्यावर चालतं, उलट नाही. ज्या सर्वांत जुन्या सिस्टमला आधार द्यायचा, तिच्याच कंटेनरमध्ये बांधा. अल्पाइन लिनक्स मस्ल या वेगळ्या सी लायब्ररीवर चालतं, तिथे जीलिबसीचं बिल्ड नेऊ नका, वेगळं बांधा. मॅकवर याचंच रूप म्हणजे डिप्लॉयमेंट टार्गेट (आधार द्यायची सर्वांत जुनी मॅक आवृत्ती): ते 'प्रोजेक्ट' या ओळीच्या आधी ठरवा, नंतर ठरवून उपयोग नाही.

८. बाहेर पडताना क्रॅश

विंडोजवर डीबग बिल्डमध्ये '__एसीआरटी_फर्स्ट_ब्लॉक == हेडर' असा असर्ट आला, तर निदान जवळपास पक्कं: मेमरी एका हीपमधून (चालताना मागितलेल्या मेमरीच्या साठ्यातून) घेतली आणि दुसऱ्याला परत केली. '/एमटी'ने बांधलेली प्रत्येक डीएलएल आपला रनटाइम (सी प्लस प्लसची आधाराची लायब्ररी) आणि आपला हीप पोटात घेऊन फिरते. '/एमडी' आणि '/एमडीडी' हेही दोन वेगळे रनटाइम. शिवाय एमएसव्हीसीच्या ६४-बिट डीबगमध्ये 'एसटीडी::स्ट्रिंग' ४० बाइटांची, रिलीजमध्ये ३२ ची. डीबग प्रोग्रॅमने रिलीज डीएलएलला स्ट्रिंग दिली, तर ती चुकीच्या जागी वाचली जाते.

स्टॅटिक लायब्ररीत हा बेबनाव लिंकर एलएनके२०३८ देऊन पकडतो. डीएलएलच्या सीमेवर पकडणारा कुणी नाही.

स्वस्त उपाय आधी: सगळीकडे एकच रनटाइम. सीमेक ३.१५ पासून 'सीमेक_एमएसव्हीसी_रनटाइम_लायब्ररी' आहे. बाहेरून आणलेल्या लायब्ररींनाही तोच लागतो, त्या 'डंपबिन'ने तपासा. टिकाऊ उपाय महाग आहे: जिने मेमरी घेतली तिनेच ती सोडायची, असा इंटरफेस. बनवणारं फंक्शन आणि मोडणारं फंक्शन दोन्ही लायब्ररीत, सीमेवरून स्ट्रिंग आणि व्हेक्टर मालकीने न देणं, क्लासचा डिस्ट्रक्टर हेडरमध्ये इनलाइन न ठेवणं.

लिनक्सवर हाच दोष गप्प असतो, कारण तिथे साधारणपणे एकाच हीपवर सगळे जगतात. तरीही तिथे '-एफसॅनिटाइझ=अ‍ॅड्रेस' (मेमरीच्या चुका पकडणारा सॅनिटायझर) लावून चाचण्या चालवा. विंडोजचे बरेच 'गूढ' क्रॅश प्रत्यक्षात साधे बफर ओलांडणे निघतात.

९. एबीआय

एबीआय म्हणजे कंपाइल झालेल्या तुकड्यांमधला करार: क्लासचा आकार, फंक्शनांचा क्रम, नावं. नवी आवृत्ती टाकली, वापरणाऱ्यांनी पुन्हा कंपाइल केलं नाही, आणि भलतंच व्हर्च्युअल फंक्शन चालतंय? क्लासमध्ये मधेच व्हर्च्युअल फंक्शन घातलं असेल, किंवा सदस्य वाढवून आकार बदलला असेल. लिनक्सवर जुनी आणि नवी फाइल 'एबीआयडिफ'ला द्या, फरक नावानिशी कळतो. तो तोडणारा असेल तर एसओनेमचा (लायब्ररीत कोरलेल्या आवृत्तीसह नावाचा) आकडा वाढवा. सार्वजनिक क्लासचे खासगी सदस्य पिंपलमागे (सीपीपीतल्या वेगळ्या क्लासच्या पॉइंटरमागे) लपवणं हे मोठं काम आहे, पण बायनरी वाटणाऱ्या लायब्ररीला ते टळत नाही.

लिंकर '__सीएक्सएक्स११' असलेलं नाव शोधत असेल, तर एक बाजू जीसीसी ५ च्या आधीच्या स्ट्रिंगवर बांधलेली आहे. दोन्हींना '_जीएलआयबीसीएक्सएक्स_यूज_सीएक्सएक्स११_एबीआय'चं एकच मूल्य द्या. एमएसव्हीसीत २०१५ ते २०२२ ची बिल्डं एकमेकांशी जुळतात, पण लिंकर त्यांतल्या सर्वांत नव्या कंपायलरइतका तरी नवा लागतो.

कुठे हात थांबवायचा

आठव्या तपासणीनंतरही क्रॅशची जागा दर वेळी बदलत असेल आणि सॅनिटायझर गप्प असेल, तर अंदाजाने बदल करणं तिथेच थांबवा. विनडीबीजी या विंडोजच्या डीबगरमध्ये डंप (क्रॅशच्या वेळच्या मेमरीची प्रत) वाचू शकणारा माणूस बोलवा. दोष सोर्स नसलेल्या बाहेरच्या डीएलएलमध्ये दिसत असेल, तर तो तिच्या पुरवठादाराचा प्रश्न; बायनरी हाताने ठिगळ लावून ग्राहकाकडे पाठवू नका. एबीआय तुटलेली आवृत्ती आधीच लोकांच्या हातात गेली असेल, तर ती मागे घ्यायची की एसओनेम वाढवून पुढे जायचं, हे रिलीज सांभाळणाऱ्याने ठरवायचं, बिल्ड दुरुस्त करणाऱ्याने नाही. सहीचं प्रमाणपत्र आणि मॅकचं नोटरायझेशन यांची किल्ली ज्याच्याकडे आहे त्याच्याशिवाय कुणी प्रयोग करू नयेत.

बोलावताना हातात हे द्या: तिन्ही कंपायलरच्या नेमक्या आवृत्त्या, व्हर्बोज बिल्डचा पूर्ण लॉग, वर सांगितलेल्या 'एलडीडी', 'ओटूल' किंवा 'डंपबिन'चं आउटपुट, दोष दाखवणारा शक्य तितका छोटा प्रोग्रॅम, आणि विंडोजवर डंपसोबत *त्याच* बिल्डची पीडीबी (डीबगरला लागणाऱ्या माहितीची) फाइल. नंतर पुन्हा बांधलेली पीडीबी चालत नाही. कोड तोच असला तरी डीबगर तिला त्या बिल्डची मानत नाही.